एकलहऱ्याच्या तीन संचांचं काय करणार, ते तारखेसह सांगा

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय,

मी नाशिकरोडला राहतो. १९८४ मध्ये एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात कामाला लागलो, २०१८ मध्ये निवृत्त झालो. या चौतीस वर्षांतली निम्म्याहून जास्त २१० मेगावॅटच्या संचाच्या (एक बॉयलर, त्याचं टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) डेस्कवर तीन पाळ्यांत गेली. त्यामुळे विजेबद्दल मला जे कळतं ते पुस्तकातलं कमी आणि पॅनेलवरच्या काट्यांचं जास्त आहे. पत्र आपल्या नावे असलं तरी नाशिककरांनीही ते वाचावं, म्हणून उघड लिहितो आहे.

निमित्त सांगतो. जुलै २०२५ मध्ये चार दिवसांच्या आत दिल्लीहून दोन बातम्या आल्या. पहिली अशी की, देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, गॅस, तेल यांच्यावाचूनची झाली, म्हणजे २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. दुसरी अशी की, कोळशावरच्या बहुतेक केंद्रांना धुरातला गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवायची सक्ती उरली नाही. दोन्ही बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं केंद्र होतं. आणि दोन्हींमुळे आमच्या केंद्राचं नेमकं काय होणार, हे मला तेव्हा कुणी सांगू शकलं नाही आणि अजूनही कुणी सांगत नाही. जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, गावात विचारलं. प्रत्येकाकडे एक अफवा आहे, कागद कुणाकडेच नाही.

पहिल्या बातमीचा मला मनापासून आनंद झाला, हे आधीच सांगतो. माझ्या गच्चीवरही तीन किलोवॅटची पॅनेल आहेत. पण क्षमता वेगळी आणि युनिट वेगळं, हा फरक लोकांना कुणी समजावून सांगत नाही आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो. आमचे तीन संच मिळून ६३० मेगावॅट. पूर्ण भाराने चोवीस तास चालले तर दिवसाला साधारण दीड कोटी युनिट तयार होतात. तेवढ्याच ६३० मेगावॅटची सौर पॅनेल लावली तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला तीस लाख युनिट मिळतील, कारण सूर्य रात्री नसतो, सकाळ-संध्याकाळ तिरपा असतो आणि पावसाळ्यात ढगाआड असतो. दीड कोटी युनिट सूर्याकडून घ्यायची तर तीन हजार मेगावॅटच्या वर पॅनेल लागतील. मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर बारा ते पंधरा हजार एकर जमीन झाली. त्यातही सगळी वीज दिवसा येणार आणि मागणीचा दुसरा डोंगर चढतो तो दिवेलागणीनंतर. म्हणूनच निम्मी क्षमता स्वच्छ झाली तरी देशात वर्षभरात तयार होणाऱ्या दहा युनिटांतली सात आजही कोळशाची असतात. कोयनेची वीज संध्याकाळी कामाला येते खरी, पण कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, आणि वीज करून पश्चिमेला सोडायचं पाणी लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीला बांधून दिलेलं. राज्याची कमाल मागणी तर ३० हजार मेगावॅटच्या घरात गेली आहे.

हे सगळं आपल्या खात्यातल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण आकडा लोकांपुढे अर्धाच ठेवला, तर कोळशाच्या केंद्राचा काळ संपलाच आहे, आता तिथे लक्ष घालायचं कारण नाही, असा समज पसरतो. आमच्या केंद्राची उपेक्षा याच समजातून होते आहे, असं माझं मत आहे.

या स्थित्यंतराचा भार कुणावर पडतो, ते कंट्रोल रूममधून स्पष्ट दिसतं. बॉयलरच्या भिंतीला एक लहानसं झाकण असतं. ते बाजूला करून निळ्या काचेतून आत पाहायचं. ज्वाला पांढरट-पिवळी आणि स्थिर दिसली की जिवात जीव. तीच लालसर होऊन धडधडायला लागली तर समजायचं, भार फार उतरला, आता ऑइल गन, म्हणजे ज्वाला सावरायला तेलाचे फवारे, लावाव्या लागणार. तेल महाग, शिवाय तेलाची आग कोळशाला सावरेपर्यंत डेस्कवरच्या माणसाने श्वास रोखून बसायचं. माझ्या वेळी अशी पाळी क्वचित यायची. आता तिथे बसणारी मुलं सांगतात की, दुपारी सूर्याची वीज भरात आली की लोड डिस्पॅचचा, म्हणजे कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन येतो (आम्ही त्याला एलडीचा फोन म्हणतो), भार उतरवा. संध्याकाळी पुन्हा फोन, भार चढवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाचे संच ५५ टक्क्यांपर्यंत आणि टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आले पाहिजेत, असं ठरवलं. २१० चे ४० टक्के म्हणजे ८४ मेगावॅट. सूर्याला जागा करून द्यायची तर हे करावंच लागेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमचे संच १९७९, १९८० आणि १९८१ सालचे. ते आखले गेले ते एका भारावर महिनोन्महिने चालायला. पाचशे चाळीस अंशांची वाफ वाहणारं जाड लोखंड रोज तापवायचं आणि निववायचं म्हटलं की ते थकतं, वेल्डिंगचे सांधे उकलतात, नळी फुटते. मग संच बंद, बॉयलर थंड होईपर्यंत थांबा, आत उतरा, नळी जोडा, पुन्हा पेटवा. थंड झालेला संच परत ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, यायला अर्धा दिवस सहज जातो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की, एकलहऱ्याबाबत कोणताच निर्णय होत नाही. केंद्रातले पहिले दोन संच १९७०-७१ चे होते, ते कायमचे बंद झाले. त्यांच्या बदल्यात ६६० मेगावॅटचा एक नवा संच येणार, हे मी नोकरीत असताना ऐकत होतो आणि निवृत्तीनंतरही ऐकतोच आहे. दरम्यान भुसावळला ६६० चा संच उभा राहिला. कोराडीला दोन नवे मंजूर झाले. ज्यांना मिळाले त्यांचा मला हेवा नाही. कोराडीच्या आसपासच्या लोकांनी जनसुनावणीत धुराबद्दल आणि राखेबद्दल जे म्हटलं, ते मला पटतं. पण आम्हाला कुणी हो म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही. कोळसा सहा-सातशे किलोमीटरवरून विदर्भातून रेल्वेने येतो, भाड्यामुळे आमचं युनिट महाग पडतं, स्वस्त वीज आधी घ्यायच्या क्रमवारीत आम्ही खाली जातो आणि मागणी घटली की सर्वांत आधी आमचे संच बंद होतात. उन्हाळ्यात मागणी वाढली, कुठे दुसरीकडे संच बिघडला किंवा २०२१ च्या ऑक्टोबरसारखी टंचाई आली की मात्र हेच म्हातारे संच पेटवायचे. एखाद्या घरात कर्त्या माणसाला असं वागवलं तर आपण काय म्हणू? जगू देत नाहीत आणि सुखाने मरूही देत नाहीत.

निर्णय नसला की खर्चही होत नाही. ज्या संचाचं आयुष्य किती उरलं हेच ठरलेलं नाही, त्याच्या मोठ्या दुरुस्तीवर पैसे कोण घालणार? पंचेचाळीस वर्षांच्या यंत्रावर अर्धवट डागडुजी करत राहणं हे काम करणाऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे. उच्च दाबाची वाफ चुकीला क्षमा करत नाही.

दुसरी तक्रार धुराची. इथे मी थोडा सविस्तर लिहिणार आहे, कारण यातच माझ्या मागणीचं मूळ आहे. गंधकाच्या धुराची मर्यादा केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ठरवली. दोन वर्षांत पाळायची होती. ती मुदत वाढत वाढत दहा वर्षं गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांची सक्तीच गेली. आपल्या कोळशात गंधक कमी असतो, हा त्यामागचा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण कमी गंधकाचा कोळसा हजारो टनांनी जाळला की धुरातला गंधक काही कमी राहत नाही. हवेत जाऊन त्याचे बारीक कण बनतात आणि वारा नेईल तिथे ते जातात. तरीही नव्या नियमात एक वर्ग सुटलेला नाही. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत जे केंद्र आहे, त्याने २०२७ अखेरपर्यंत ही मर्यादा पाळायची आहे. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरायची. त्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजार होतं. एकलहरे नाशिकरोडला लागून आहे, हे नकाशा न पाहताही कुणीही सांगेल.

त्याच नियमात आणखी एक वाट ठेवलेली आहे. जे संच २०३० संपायच्या आत बंद होणार आहेत आणि तसं लेखी देतील, त्यांना सूट. म्हणजे आमच्या तीन संचांपुढे दोनच रस्ते उरतात. एक तर २०३० संपायच्या आत बंद करायचं लेखी द्या, नाहीतर २०२७ अखेरपर्यंत धूर धुण्याची यंत्रणा बसवा. तारीख न ठरवता या नियमाचं पालन होऊच शकत नाही. मग आपण यांतला कोणता रस्ता धरला आहे, हे नाशिकला कधी कळणार? २०२७ मध्येच सिंहस्थ आहे. त्या वर्षी लाखो माणसं या शहरात येतील आणि हीच हवा घेतील. नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचं प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. त्या यादीत नाव असलेल्या शहराने आपल्या उशाशी असलेल्या चिमणीचा प्रश्न विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

राखेबद्दल. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. तीन संच पूर्ण चालले तर दिवसाला दहा हजार टनांच्या वर, म्हणजे मालगाडीचे अडीच-तीन रेक. त्यातला तिसरा हिस्सा राख होतो. चाळीस-पन्नास वर्षांची राख बंधाऱ्यात साठली आहे. चैत्र-वैशाखात दुपारचा वारा सुटला की तिचा पांढरा पडदा उठतो आणि आजूबाजूच्या गावांवर बसतो. पापड-कुरडया वाळवायचा तोच काळ. बायका वाळवणावर जुन्या साड्या पसरतात, तरी हात फिरवला की बोटाला राख लागते. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या पानांवर तिचा थर दिसतो. राखेचे डंपर ताडपत्री न बांधता जातात, हे तर रोजचं. राखेची विटा, सिमेंट, रस्ते यांत शंभर टक्के विल्हेवाट लावायचा नियम ३१ डिसेंबर २०२१ चा आहे आणि जुन्या साठलेल्या राखेलाही त्यात दहा वर्षांची मुदत आहे. ती मुदत चालू आहे. किती राख उचलली, किती उरली, हे गावाच्या चावडीवर लावायला काय हरकत आहे?

पाण्याचं थोडक्यात. जुन्या केंद्रांना नियमाने युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येतं. आमचं पाणी गंगेच्या बंधाऱ्यातून, म्हणजे गोदावरीच्या. पन्नास किलोमीटरच्या आत मलजल शुद्धीकरण केंद्र असेल तर औष्णिक केंद्राने तेच पाणी वापरावं, असं २०१६ च्या वीजदर धोरणात लिहिलेलं आहे. नाशिकची मलजल केंद्रं तर हाकेच्या अंतरावर आहेत.

आता सिन्नर. गुळवंच शिवारात १३५० मेगावॅटचा खासगी प्रकल्प, २७० चे पाच संच, उभा राहून वर्षानुवर्षं जवळजवळ बंद पडून राहिला. कोळसा आणायचा रेल्वेमार्ग पुरा नाही, वीज विकत घेण्याचा करार नाही, आणि शेवटी दिवाळखोरी. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांनी चिमण्याच पाहिल्या. तो सरकारी कंपन्या घेणार आणि चालवणार, अशा बातम्या आल्या. ते झालं तर तीसेक किलोमीटरच्या आत कोळशाची दोन केंद्रं असतील, एकाच रेल्वेवर आणि एकाच खोऱ्यातल्या पाण्यावर जगणारी. एकाचा निर्णय दुसऱ्याला सोडून होऊ शकत नाही. सिन्नर सुरू करून एकलहरे बंद करायचं असेल, तर तेही योग्य ठरू शकेल, कारण ते संच नवे आहेत. पण तसं आधी सांगा. एका सकाळी गेटवर नोटीस लावून आम्हाला कळवू नका.

गेटवरून कामगारांकडे येतो. माझा पुतण्या एका ठेकेदाराकडे कोळसा विभागात होता. पावसाळ्यात ओला कोळसा चुटमध्ये चिकटून बसतो आणि बंकरला जाणारी धार तुटते. मग चार-पाच पोरं पहारी घेऊन जाळीवर उभी राहतात आणि ठोकून ठोकून तो खाली पाडतात. अंगावर काळं पाणी, आवाजाने कान बंद. अशी बारा वर्षं त्याने काढली. संच बंद राहिले तसं ठेक्याचं काम आटलं आणि एका महिन्यात बारा जण घरी बसले. कायम कामगाराची बदली तरी होते, चंद्रपूर नाहीतर परळी. ठेक्यावरच्याला बदली नाही आणि नुकसानभरपाईही नाही. पुतण्या आता नाशिकरोड स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. त्याला कन्व्हेयरचा पट्टा जोडता येतो, बेअरिंगच्या आवाजावरून ते कधी जाईल हे सांगता येतं. हे कौशल्य जाऊ देण्याइतकं राज्य श्रीमंत आहे का?

शेवटची तक्रार एकलहऱ्याबाहेरची, पण याच गणितातली. माझी धाकटी बहीण निफाड तालुक्यात दिली आहे. अडीच एकर द्राक्ष, बाकी कांदा आणि थोडा ऊस. त्यांच्या फीडरला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. रात्री मोटार चालू करायला मेव्हणे आणि भाचा निघतात. हातात बॅटरी, काठी, खिशात फटाके. उसात बिबट्या आहे, हे सगळ्या शिवाराला माहीत आहे. भाचा बांधावर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून बसतो, बिबट्या लांब राहावा म्हणून. बहीण ओट्यावर बसून ती गाणी ऐकते. गाणं थांबलं की उठून उभी राहते.

महोदय, दुपारी राज्यात सूर्याची वीज जास्त होते म्हणून आमच्या संचांचा भार उतरवायचा आणि रात्री शेतीची मोटार चालावी म्हणून कोळसा जाळायचा, हे कोणत्या हिशेबात बसतं? शेतीचा भार दिवसावर आणला तर शेतकरी सुखाने झोपेल, संचांची रोजची ओढाताण कमी होईल आणि कोळसाही वाचेल. हे आपल्याच सरकारांना पटलेलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि जिथे ती पोचली तिथे शेतकरी समाधानी आहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच की, ज्या शिवारात बिबट्या आहे तिथे ती आधी पोचवा.

माझ्या मागण्या आता स्पष्ट लिहितो.

एक. एकलहऱ्याचा तिसरा, चौथा आणि पाचवा संच कोणत्या तारखेपर्यंत चालणार, हे संचनिहाय लेखी जाहीर करा. २०३० च्या आत बंद करायचे असतील तर तसं लिहून दिलेल्या हमीची प्रत लोकांपुढे ठेवा. पुढे चालवायचे असतील तर गंधक काढायच्या यंत्रणेचं काम कधी सुरू होणार, ते सांगा.

दोन. ६६० मेगावॅटच्या संचाबद्दल हो किंवा नाही. नाही म्हटलंत तरी आम्ही ते ऐकून घेऊ. गावातल्या किती तरी मुलांनी या संचाच्या आशेवर आयटीआय केलं, त्यांची वयं उलटून चालली आहेत.

तीन. संच बंद झाले तरी केंद्र मोडीत काढू नका. ही मागणी मी ऑपरेटर म्हणून करतो आहे आणि ती आपण अभियंत्यांकडून तपासून घ्यावी. एकलहऱ्याला मोठं स्विचयार्ड (वीज वाहिन्यांवर सोडायची जागा) आहे, चारी दिशांना जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या आहेत, जमीन आहे. नव्या जागी हे सगळं उभं करायला वर्षं जातात. तिथे बॅटरी साठवण उभी राहिली तर दुपारची सौर वीज धरून ठेवून दिवेलागणीला नाशिकला देता येईल. पाणी वर चढवून संध्याकाळी वीज करणारं २५० मेगावॅटचं घाटघर केंद्र आपल्या शेजारीच २००८ पासून हेच काम करतं आहे. तसंच, टर्बाइनपासून सोडवलेलं जनित्र नुसतं फिरत ठेवूनही ग्रिडला व्होल्टेजचा आणि जडत्वाचा आधार देता येतो, त्याला सिंक्रोनस कंडेन्सर म्हणतात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रिड कोसळली आणि आपली पश्चिम ग्रिड तगली, तेव्हा मी ड्यूटीवर होतो. फ्रिक्वेन्सीच्या काट्यावरून त्या दुपारी आमच्यापैकी कुणाचीही नजर हटली नाही. ग्रिडवर फिरणाऱ्या जड रोटरची किंमत काय असते, हे तेव्हा उमगलं. सौर पॅनेल वाढतील तसे असे रोटर कमी होत जाणार आहेत. आहेत ते भंगारात घालायच्या आधी विचार व्हावा.

चार. ठेक्यावरच्या कामगारांची यादी करा. किती वर्षं काम केलं, काय येतं, हे त्यात लिहा. पुढचं जे काही काम त्या जागेवर निघेल, राख उचलण्याचं, बॅटरीचं, सौर पॅनेलचं, त्यात त्यांना आधी घ्या आणि त्यासाठीचं प्रशिक्षण संच बंद व्हायच्या आधी द्या.

पाच. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुराची मोजणी यंत्रावर सतत होतच असते. ते आकडे नाशिकरोडला चौकात फलकावर लावा. राखेचे आकडे एकलहरे आणि शेजारच्या गावांच्या ग्रामपंचायतीत लावा.

सहा. वीजबिलावर त्या महिन्यात वापरलेल्या युनिटांपैकी किती कोळशाची, किती पाण्याची, किती सूर्याची, वाऱ्याची आणि अणूची, हे छापा. मेगावॅट नकोत, युनिटच हवीत. घरोघरी बिल जातं, त्यावर ही एक ओळ सहज मावेल.

सात. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांतल्या बिबट्याच्या शिवारातल्या कृषी फीडरना रात्रीच्या वेळापत्रकातून आधी काढा.

आठ. या सगळ्यावर निर्णय घ्यायच्या आधी नाशिकला एक जनसुनावणी घ्या, कामाच्या दिवशी दुपारी न घेता रविवारी, म्हणजे शेतकरी आणि पाळीतले कामगार दोघांनाही येता येईल.

आपण किंवा आपले सचिव एकलहऱ्याला येणार असाल तर मार्चनंतरच्या एखाद्या दुपारी या. आधी कंट्रोल रूममध्ये अर्धा तास बसा, एलडीचा फोन येईल तो ऐका. मग राखेच्या बंधाऱ्याकडे चला. दोन्ही ठिकाणी मी सोबत येईन. माझं नाव, पत्ता आणि नोकरीचा तपशील आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवलेल्या प्रतीत दिला आहे. उत्तर त्याच पत्त्यावर लेखी यावं, ही विनंती.

आपला,
एकलहरे केंद्राचा एक निवृत्त ऑपरेटर
नाशिकरोड